टंगस्टन विद्युदग्राची निवड व सुरक्षित वापर : बीड जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

बीड जिल्ह्याचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने तीन सूत्रांभोवती लिहिला गेला आहे. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी झालेली मुक्तता, वारंवार पडणारे दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर ही ती सूत्रे होत. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणाऱ्या या जिल्ह्यात १९७० नंतर कुशल कामगारांचा आणखी एक वर्ग उदयास आला. हातात कोयत्याऐवजी टॉर्च आणि डोळ्यांवर काळी काच घेऊन बॉयलरच्या नळ्या जोडणारा हा वेल्डर जिल्ह्याच्या इतिहासलेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे. प्रस्तुत लेखात या कामगाराच्या हातातील एका लहानशा साधनाचा, म्हणजे टंगस्टन विद्युदग्राचा, ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. दीड-पावणेदोनशे मिलिमीटर लांबीची आणि पेन्सिलीच्या शिशाइतक्या जाडीची ही काडी कोठून आली, तिची निवड कोणत्या कारणांनी होते आणि तिच्यातील एका घटकाने कामगाराच्या आरोग्यापुढे कोणता प्रश्न उभा केला, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे.

धातू, वायू आणि विद्युत्ज्योत

टंगस्टनची ओळख जगाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८१ मध्ये त्याचे आम्ल वेगळे केले, तर स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी १७८३ मध्ये प्रत्यक्ष धातू मिळविला. सर्व धातूंमध्ये सर्वाधिक वितळबिंदू, म्हणजे सुमारे ३४२२ अंश सेल्सिअस, हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र हाच गुण दीर्घकाळ अडचणीचा ठरला, कारण जो धातू वितळत नाही त्याची तार ओढायची कशी, हा प्रश्न होता. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विल्यम कूलिज यांनी १९०९-१० च्या सुमारास लवचीक टंगस्टन तयार करण्याची रीत शोधली आणि घरोघरच्या विजेच्या दिव्यात ही तार आली. बीडसारख्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वीज पोहोचली तेव्हा सामान्य माणसाने पाहिलेला पहिला टंगस्टन दिव्याच्या काचेच्या फुग्यातलाच होता.

वेल्डिंगचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने आला. रशियातील निकोलाय बेनार्डोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनच्या विद्युदग्राने धातू जोडून दाखविले. पुढे वितळून जोडात मिसळणारी धातूची काडी आली. आजही रस्त्याकडेच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये ट्रॉली, नांगर आणि लोखंडी दरवाजे याच पद्धतीने जोडले जातात. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम या हलक्या धातूंपुढे मात्र ही पद्धत हतबल होती, कारण तप्त अवस्थेत हवेतील ऑक्सिजन त्यांना क्षणात ग्रासतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी यावर तोडगा काढला. न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकातून ज्योत काढावयाची आणि तिच्याभोवती हेलियम या निष्क्रिय वायूचे कवच धरावयाचे, अशी ही कल्पना होती. त्यांच्या पेटंटचा अर्ज १९४१ चा असून पेटंट १९४२ मध्ये मंजूर झाले. निष्क्रिय वायूत जोडकाम करण्याच्या हॉबार्ट व डेव्हर्स यांच्या कल्पना त्याआधीच नोंदल्या गेल्या होत्या, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. शोधाचे श्रेय एकाच नावावर टाकण्याची सवय तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा दिशाभूल करते. हेलियम दुर्मीळ व महाग असल्याने पुढे हवेतच सुमारे ०.९३ टक्के असणारा आर्गॉन वायू बहुतेक देशांत रूढ झाला. भारतात तर या संपूर्ण पद्धतीलाच कामगार ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात. ‘टिग’ हे तिचे पुस्तकी नाव नंतर आले.

परळीचे औष्णिक विद्युत केंद्र

बीड जिल्ह्यात या तंत्राला खरे कार्यक्षेत्र लाभले ते परळी वैजनाथ येथे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० ची. मंडळाने परळी येथे ३० मेगावॅटचे दोन संच उभारले आणि १९७१ पासून तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये २१० मेगावॅटचे तीन संच कार्यान्वित झाले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. २५० मेगावॅटचे आणखी तीन संच पुढे उभे राहिले. त्यांपैकी पहिले दोन २००७ व २०१० मधील होत. जुने संच टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र आणि रेल्वेचे जंक्शन एवढीच ओळख असलेल्या गावाच्या क्षितिजावर चिमण्या आणि शीतक मनोरे उभे राहिले, आणि गावाच्या बोलीत ‘थर्मल’ हा शब्द कायमचा रुळला.

औष्णिक केंद्राचा बॉयलर म्हणजे वस्तुतः मैलोगणती नळ्यांचा एक पिंजरा असतो. आत पाणी आणि वाफ, बाहेर कोळशाची आग. २१० मेगावॅटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमानाची असते व तिचा दाब प्रतिचौरस सेंटिमीटर १३० ते १५० किलोग्रॅम असतो. नळ्यांची लांबी मर्यादित असल्याने त्या हजारो ठिकाणी एकमेकींना जोडाव्या लागतात. त्यांतील एक जोड जरी सदोष निघाला तरी वाफेचा झोत शेजारच्या नळ्यांनाही कापत जातो आणि संपूर्ण संच थांबवावा लागतो. औष्णिक केंद्रे अनपेक्षितपणे बंद पडण्याच्या कारणांत नळीची गळती हे जगभर अग्रस्थानी असलेले कारण आहे.

अशा जोडाचा पाया, म्हणजे नळीच्या आतल्या बाजूस भिडणारा पहिला थर, टंगस्टनच्या ज्योतीने घालण्याची पद्धत आहे. नळीच्या आत हात जात नाही, आतून घासता येत नाही, सांडलेला मळ काढता येत नाही. साध्या काडीने पहिला थर घातला तर तिच्यावरील लेपाचा मळ आत राहतो व पुढे वाफेबरोबर वाहत जातो. आर्गॉनच्या कवचातील टंगस्टन ज्योत मात्र मळ निर्माण करीत नाही. म्हणून पहिला थर आर्गॉनने आणि वरचे थर साध्या काडीने, अशी विभागणी रूढ झाली. बॉयलरच्या पिंजऱ्यात दोन नळ्यांमधील बोटभर फटीत, आरशात पाहून, पलीकडच्या बाजूचा जोड पूर्ण करणारा वेल्डर हा कोणत्याही अर्थाने साधा मजूर नव्हे. १९२३ च्या बॉयलर अधिनियमाखाली केलेल्या १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांनी अशा वेल्डरची स्वतंत्र परीक्षा व प्रमाणपत्र बंधनकारक केले होते. राज्यात बाष्पके संचालनालय ही व्यवस्था पाहते. वासाहतिक काळातील तो मूळ कायदा शंभर वर्षे टिकला आणि २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा बॉयलर अधिनियम केला. तिरुचिरापल्ली येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या बॉयलर कारखान्यालगत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेल्डिंग संशोधन संस्थेने देशातील या कौशल्याला शास्त्रीय बैठक दिली. जिल्ह्यातील तरुणांपर्यंत ते कौशल्य पोहोचले ते मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वेल्डर या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातून आणि त्याहूनही अधिक, उस्तादाच्या शेजारी बसून.

साखर कारखान्यांचा वाटाही येथे लक्षात घ्यावयास हवा. अंबाजोगाई, परळी, माजलगाव व गेवराई परिसरातील सहकारी कारखान्यांच्या जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरमध्ये नळ्या ड्रमला वेल्डिंगने न जोडता फुगवून बसविण्याची रीत होती, आणि वेल्डरचे मुख्य काम गाळपाच्या रोलरच्या दातांवर काडीने थर चढविण्याचे. राज्यात २००० नंतर सहवीजनिर्मिती प्रकल्प येऊ लागले, बॉयलरचे दाब वाढले, स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आल्या, तसा आर्गॉनचा सिलिंडर साखर कारखान्यांच्या आवारातही दिसू लागला. गाळप बंद झाल्यावर, म्हणजे ऊसतोड मजूर गावी परततो त्याच सुमारास, कारखान्यातील वेल्डरचा हंगाम सुरू होतो. एकाच उद्योगाची ही दोन उलट ऋतुचक्रे आहेत.

पाण्याचा प्रश्न या कथेतही आहेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळी केंद्रातील निर्मिती पूर्णतः थांबवावी लागली. २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. संच बंद म्हणजे देखभालीचे काम बंद, आणि कंत्राटी कामगाराची रोजीही बंद. दुष्काळ केवळ शेतकऱ्याच्याच दारी येतो, ही समजूत येथे तपासून घ्यावी लागते.

निवडीचे शास्त्र

शुद्ध टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास बरीच ऊर्जा लागते, सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्यात अल्प प्रमाणात थोरियम ऑक्साइड मिसळल्यास ही गरज बरीच घटते. कूलिज यांनी दिव्याच्या तारेत थोरिया घातला होता तो ती तार ठिसूळ होऊ नये म्हणून. तीतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात ही गोष्ट अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या अभ्यासातून पुढे आली. या आनुषंगिक लाभामुळेच युद्धोत्तर काळात दोन टक्के थोरिया असलेला विद्युदग्र वेल्डिंगमध्ये सर्वमान्य झाला. त्याची ज्योत चटकन पेटते, स्थिर राहते, टोक लवकर वितळत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच्या टोकाला लाल रंग असतो. शुद्ध टंगस्टनचे टोक हिरवे, दोन टक्के सेरियाचे राखाडी, दीड टक्का लँथनाचे सोनेरी, दोन टक्के लँथनाचे निळे आणि झिर्कोनियाच्या नेहमीच्या प्रकाराचे पांढरे. सेरियाच्या काडीला अमेरिकी मानकात पूर्वी नारिंगी रंग होता, त्यामुळे जुन्या साठ्यात गोंधळ होऊ शकतो. धार लावताना रंगाचे टोक शाबूत ठेवावे, दुसऱ्या टोकालाच धार द्यावी, हा साधा नियम यासाठीच आहे. रंग गेला की काडीची जात ओळखण्याचा कोणताही सोपा मार्ग उरत नाही.

पोलाद व स्टेनलेस स्टीलसाठी एकदिश प्रवाह वापरतात आणि विद्युदग्र ऋण बाजूस जोडतात. तसे केल्याने उष्णतेचा मोठा वाटा नळीकडे जातो व काडी थंड राहते. जोडणी उलटी झाली तर टोकाचा गोळा होऊन टंगस्टन जोडात गळतो. ॲल्युमिनियमसाठी प्रत्यावर्ती प्रवाह लागतो व तेथे शुद्ध, झिर्कोनियायुक्त किंवा लँथनायुक्त काडी पसंत केली जाते. जाडीची निवड प्रवाहावर अवलंबून असते. बॉयलरच्या नळ्यांच्या कामात २.४ मिलिमीटरची काडी सर्वाधिक चालते. ऋण बाजूस ती सुमारे दीडशे ते अडीचशे अँपिअर सहज पेलते, आणि पहिल्या थराचे काम त्याहून बऱ्याच कमी प्रवाहात होते. पातळ पत्र्याला १.६ मिलिमीटर पुरते. टोकाचा निमुळता भाग जाडीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट ठेवावा व घासण्याच्या रेषा काडीच्या लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या रेषांनी ज्योत भरकटते.

कित्येक कामांच्या जागी आजही साध्या रेक्टिफायरला टॉर्च जोडून, काडीचे टोक नळीवर घासून ज्योत पेटवितात. या घर्षणात टंगस्टनचा कण तुटून जोडात रुतू शकतो. क्ष-किरणचित्रासारख्या फिल्मवर तो ठळक पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने उमटतो, जोड नापास होतो, कापून पुन्हा करावा लागतो. उच्च वारंवारतेच्या ठिणगीने स्पर्शाविना ज्योत पेटविणारी यंत्रे उपलब्ध असूनही ही स्थिती आहे, याचे कारण तांत्रिक नसून आर्थिक आहे.

गॅसबत्तीपासून लाल टोकापर्यंत

थोरियम मराठवाड्यात वेल्डिंगबरोबर आले, असे समजणे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर नाही. ऑस्ट्रियातील आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९० च्या सुमारास ९९ टक्के थोरिया व एक टक्का सेरिया यांची जाळी दिव्यासाठी परिपूर्ण केली. हीच पुढे गॅसबत्तीची जाळी, म्हणजे मेंटल, म्हणून घरोघरी पोहोचली. लग्नाची वरात, तमाशाचा फड, रात्रीचे कीर्तन, सप्ताहाची पंगत, या सर्वांवर कित्येक दशके पडलेला तो पांढराशुभ्र प्रकाश थोरियमचा होता. या उद्योगासाठीच त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू जगाच्या बाजारात गेली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अलवाये येथे इंडियन रेअर अर्थ्सचा कारखाना सुरू झाला आणि १९५५ पासून तुर्भे येथील थोरियम संयंत्रात जाळ्यांना लागणारे थोरियम नायट्रेट तयार होऊ लागले. जळालेली जाळी बोटाने चुरडून फुंकर मारणाऱ्या कोणालाही त्या भुकटीत काय आहे याची कल्पना नव्हती.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे आहे. त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण कागदाने अथवा कातडीच्या वरच्या थराने अडतात. त्यामुळे काडी खिशात वा हातात असणे हा मोठा धोका नव्हे. प्रश्न निर्माण होतो तो थोरियम शरीराच्या आत गेल्यावर. याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९३० च्या आसपास थोरोट्रास्ट नावाचे थोरिययुक्त द्रावण रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणासाठी टोचण्यात येऊ लागले व १९५० च्या दशकापर्यंत ते वापरात राहिले. यकृतात साचलेला थोरिया तेथून कधीच गेला नाही, आणि अनेक रुग्णांत वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग प्रकटला. वेल्डरच्या शरीरात जाणारी मात्रा त्याच्या तुलनेत अत्यल्प असते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भीती पसरविणे हे संशोधनाचे काम नव्हे. तथापि मात्रा अल्प असणे आणि ती टाळता येण्याजोगी असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२.४ मिलिमीटर जाडीच्या व १५० मिलिमीटर लांबीच्या काडीचे वजन सुमारे १३ ग्रॅम भरते. त्यात दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमहून किंचित अधिक थोरिया असतो, आणि त्यातील सुमारे नऊशे थोरियम केंद्रके दर सेकंदाला विघटन पावतात. ज्योत चालू असताना यातील फार थोडा अंश हवेत जातो. धार लावताना मात्र काडीचा घासला गेलेला प्रत्येक कण धूळ बनतो, आणि ती धूळ नेमकी नाकासमोर उडते. म्हणून धार लावण्यासाठी स्वतंत्र चाक, शक्यतो हिऱ्याच्या कणांचे, धूळ ओढून घेणारी व्यवस्था, योग्य मुखपट्टी, जागा ओल्या कापडाने पुसणे आणि जेवणापूर्वी हात धुणे, एवढी काळजी घेतली की धोक्याचा फार मोठा भाग सरतो. ज्या चाकावर छिन्नी आणि ड्रिल घासले जातात त्याच उघड्या चाकावर, भिंतीच्या कोपऱ्यात, टंगस्टनला धार देणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत वाईट सवय होय.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. बॉयलरचा जोड तपासण्यासाठी जो इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी स्रोत आणतात, त्याची पेटी कुलूपबंद असते, भोवती दोरी बांधून माणसे दूर ठेवली जातात, हाताळणारा प्रशिक्षित असतो आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम त्यास काटेकोरपणे लागू असतात. हे योग्यच आहे, कारण तो स्रोत अतितीव्र असतो. पण तोच जोड ज्या काडीने घातला तिच्यातील किरणोत्साराची माहिती वेल्डरला त्याच्या भाषेत सांगणारी एक ओळही बहुधा डब्यावर नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत वेल्डिंगच्या धुराची मर्यादा प्रतिघनमीटर पाच मिलिग्रॅम अशी घातलेली होती. त्या अधिनियमाची जागा नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. परंतु उघड्यावर, पाडावर किंवा बॉयलरच्या पोटात काम करणाऱ्या कंत्राटी माणसाच्या श्वासापर्यंत कायद्याचे मोजमाप पोहोचणे ही वेगळीच गोष्ट आहे.

पर्याय नाही असेही नाही. ओसाका विद्यापीठातील उशिओ, मात्सुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांत लँथनायुक्त टंगस्टनची कामगिरी थोरियाच्या तोडीची, काही बाबतींत सरस, आढळली. लँथना किरणोत्सारी धोक्याच्या गणनेत येत नाही. निळ्या किंवा सोनेरी टोकाची काडी पोलादाच्या कामात लाल काडीची जागा कोणताही मोठा बदल न करता घेऊ शकते. यंत्र तेच, टॉर्च तोच, वायू तोच. तरीही लाल काडीची मागणी संपलेली नाही. उस्तादाने जी वापरली तीच शिष्याने वापरावी ही परंपरा, जुन्या कार्यपद्धतीच्या कागदांत लिहिलेला प्रकार बदलण्याचा आळस आणि खरेदी करणारा वेगळा व श्वास घेणारा वेगळा ही रचना, या तिन्हींचा यात वाटा आहे. निवड वेल्डर करतो असे पाठ्यपुस्तक गृहीत धरते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या खरेदीच्या यादीत आधीच झालेली असते.

काडी घासत घासत आखूड होते आणि टॉर्चच्या पकडीत बसेनाशी झाली की तिचे आयुष्य संपते. उरलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा वजनदार असतो आणि टंगस्टनला भाव असल्याने भंगारवाला तो वेगळा काढून घेतो. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनयुक्त खनिज आढळले असले तरी देश या धातूसाठी मुख्यतः आयातीवरच अवलंबून राहिला, त्यामुळे तुकड्यांची ही फेरविक्री आर्थिकदृष्ट्या समजण्यासारखी आहे. लाल टोकाच्या तुकड्यांसाठी आणि चाकाखाली साचलेल्या धुळीसाठी झाकणाचा स्वतंत्र डबा ठेवणे, त्यावर मराठीत नाव लिहिणे आणि तो डबा इतर भंगारात न मिसळता पुरवठादाराकडे वा अधिकृत विल्हेवाट करणाऱ्याकडे सोपविणे, हे काम वर्कशॉपच्या प्रमुखाच्या अखत्यारीतील आहे. प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत ते निदेशकाच्या अखत्यारीत येते.